मुकुंदाच्या मेंदूचा फोटो

मी आजवर सात देश आणि निम्मा भारत पाहिला आहे. नायगाऱ्यासमोर माझी छत्री उलटी झाली आहे, लेहला श्वास अडकला आहे, आणि व्हेनिसमध्ये चुकीच्या होडीत बसून भलत्याच सहलीबरोबर जेवूनही आलो आहे. पण पुण्याच्या पूर्वेला मी कधी गेलो नव्हतो. कोथरूडच्या माणसाला तिकडे जायचं कारण पडत नाही. स्टेशन आलं की आमच्या लेखी पुणं संपतं आणि पुढचा भाग आम्ही नकाशावर आहे म्हणून मान्य करतो. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यातही तो भाग घाईनेच उरकला. त्यामुळे मांजरीच्या पलीकडे तीन दिवस जाऊन राहायचं ठरलं, तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दशम्या बांधून दिल्या.

"तिथे काय मिळतं, काय नाही," ती म्हणाली. लेहला जाताना ती एवढी काळजीत नव्हती.

प्रवासाचं कारण आधीच सांगतो. आडून बोललं की लोक भलतेच तर्क करतात. माझा धाकटा भाऊ मुकुंद याला बायपोलर नावाचा आजार आहे. म्हणजे काही महिने मन आभाळात, काही महिने पार तळाला, आणि मधली कित्येक वर्षं तुमच्याआमच्यासारखं. मुकुंद एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. आता निवृत्त आहे आणि आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतो. चढत्या काळात त्याने एकदा कर्वे रस्त्यावरच्या एका चौकात उभं राहून सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत वाहतूक सांभाळली होती. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा बरी चालली होती, असं तिथला फुलवाला अजून सांगतो. उतरत्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. लिथियमच्या गोळ्या तो सतरा वर्षं घेतो आहे. मध्ये एकदाच, आता बरं वाटतंय म्हणून, त्याने त्या सोडल्या. पुढच्या चार महिन्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर आम्ही गॅलरीला जाळी बसवली, एवढंच सांगतो.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी मुकुंदाने माझ्यासमोर काही छापील कागद ठेवले. मांजरीपलीकडच्या एका संशोधन संस्थेत या आजारावर काम चालू होतं. रक्त तपासायचं, झोप मोजायची, मेंदूची चित्रं काढायची. मुकुंदाच्या डॉक्टरांनी त्याचं नाव सुचवलं होतं. प्रत्येक रुग्णाबरोबर त्याचं एक आजार नसलेलं सख्खं भावंड लागत होतं, दोघांची तुलना करायला.

"मी येणार नाही," मी कागद न वाचता म्हणालो.

"ठीक आहे. मग ऐक," मुकुंद म्हणाला. "सतरा वर्षं मी एका न दिसणाऱ्या गोष्टीसाठी गोळ्या खातोय. तिथे फोटो निघतो. फोटोत आजार दिसला तर मरेपर्यंत गोळ्या घेईन, हूं की चूं करणार नाही. दिसला नाही तर बंद. आणि तू आला नाहीस तर फोटोच निघणार नाही, म्हणजे आजार दिसणार नाही, म्हणजे बंद."

प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी गॅलरीकडे पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली.

पहिला दिवस: ऊस आणि दोन कार्डं

वाटेतल्या हालांचं वर्णन करत नाही. दोनदा बस बदलली आणि हडपसरला एका गृहस्थाने माझ्या पायावर दुधाचा कॅन ठेवला, एवढं पुरे. त्यापुढे देखावा बदलतो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसातून मध्येच उगवलेल्या चौदा मजली इमारती. इमारतींवर हिरवीगार झाडं रंगवलेले मोठे फलक आणि फलकाच्या मागे तोडलेली खरी झाडं. हवेला गोडसर वास होता. आमच्याकडे हवेला वास आला की आम्ही महापालिकेला पत्र लिहितो, इथे लोक तो वास घेत रस्त्याकडेला निवांत बसले होते.

संस्थेची इमारत स्वच्छ निघाली आणि माझी थोडी निराशा झाली, कारण तक्रारीचं पहिलं पान मी बसमध्येच मनात तयार केलं होतं. दारापाशी टेबलामागे गावातलेच एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे फिती लावलेली दोन कार्डं होती.

"नावं सांगायची न्हाईत," ते म्हणाले. "हितं नंबर आस्तोय."

"का बरं?"

"गुप्तता हाय. बरं, पयलं कोन?"

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सगळं आधी थोरल्याचं. पहिली वाफेची मूद थोरल्याला, आंघोळीचं पहिलं पाणी थोरल्याला, वर्तमानपत्र आधी थोरल्याने वाचायचं. मुकुंदाने साठ वर्षांत घडी न मोडलेलं वर्तमानपत्र पाहिलेलं नाही. त्यामुळे तो सवयीने बाजूला सरकला आणि म्हणाला, "आधी दादा."

मीही सवयीने मान पुढे केली. माझ्या गळ्यात 'एकशे चार-अ' पडलं, मुकुंदाच्या गळ्यात 'एकशे चार-ब'. अ म्हणजे रुग्ण आणि ब म्हणजे त्याचं निरोगी भावंड, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण गुप्तता.

जेवणानंतर माझी मुलाखत झाली. घेणारी पल्लवी नावाची तरुण संशोधक, अमरावतीची, मोठ्या चष्म्याची आणि अतिशय गोड बोलणारी. इतकं गोड बोलणं आमच्याकडे फक्त विमा विकणारे बोलतात, म्हणून मी आधीच सावध होतो.

"काका, आरामात बसा न. टेन्शन नका घेऊ. असं कधी झालं का, की तुम्हाला वाटलं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं?"

"वाटलं म्हणजे? तसं आहेच."

तिने लिहून घेतलं. "नेहमीपेक्षा जास्त बोलता, असं कुणी म्हणतं का?"

"रोज. बायको."

"एकाच वेळी खूप कामं हाती घेतलीत, असं?"

मी सांगितलं. सोसायटीची पाणी समिती, वाहनतळाची उपसमिती, रस्त्यांवरच्या पाट्यांमधल्या चुका टिपायची वही, महापालिकेशी चालू असलेले नऊ पत्रव्यवहार, आणि शाळांतल्या सगळ्या नकाशांत सह्याद्री कसा चुकीचा रंगवलाय यावर अर्धवट लिहिलेलं पुस्तक. पल्लवीने पान उलटलं.

"झोप?"

"चार वाजता जाग येते. मग पत्रं लिहितो."

"अनोळखी लोकांशी भांडणं होतात का?"

"अनोळखी लोकांशीच होतात. ओळखीच्यांशी मी बोलत नाही."

"आणि काका, गोळ्या रोज घेता न?"

"कसल्या गोळ्या? मला काहीही झालेलं नाही."

तिने माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि दोन ओळी लिहिल्या. नंतर मला कळलं, की 'आजाराची जाणीव नाही' असं तिथे लिहितात.

मग तिने मुकुंदाला आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. मुकुंद बराच वेळ बोलत होता आणि ती मान हलवत होती. मध्ये तिने त्याला पाणी दिलं. बाहेर येताना ती म्हणाली, "एवढी वर्षं सांभाळताय तुम्ही यांना, खरंच ग्रेट आहात काका." मुकुंद नम्रपणे हसला.

"कुणाला सांभाळतोस तू?" मी विचारलं.

"तिने विचारलं, भावाबरोबर राहून थकवा येतो का. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला संध्याकाळच्या चहापर्यंत वेळ लागला. तेव्हा मी थेट पल्लवीला गाठलं. "हे बघा, तुमच्याकडे मोठी गफलत झाली आहे. आजार मला नाही, याला आहे."

"हो काका," ती म्हणाली. "सुरुवातीला सगळ्यांनाच तसं वाटतं."

"अहो, पण मी खरं सांगतोय!"

"आवाज नका न वाढवू काका. आपण उद्या बोलू."

मी मुकुंदाकडे पाहिलं. मुकुंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाला, "मी बघतो यांच्याकडे. तुम्ही जा." तो हात, तो आवाज, ती किंचित पुढे झुकलेली मान, सगळं माझं होतं. सतरा वर्षं मी डॉक्टरांसमोर, नातेवाइकांसमोर त्याच्या खांद्यावर अस्साच हात ठेवत आलो आहे.

ती गेल्यावर मी म्हणालो, "तुला माहीत होतं!"

"मुलाखतीत कळलं."

"मग सांग त्यांना."

"उद्या सांगू," मुकुंद म्हणाला. "एक दिवस काढ, दादा. मी सतरा वर्षं काढली."

मला भयंकर राग आला. पण याला दुखवलं आणि हा आत्ताच गोळ्या फेकून मोकळा झाला तर, ही धास्ती रागापेक्षा मोठी होती. मी मुकाट्याने दशमी खाल्ली.

दुसरा दिवस: रक्त, पोहे आणि बोगदा

सकाळी उपाशीपोटी दोघांचं रक्त घेतलं. मग न्याहारी. इथल्या खानावळीचा आचारी नागपूरचा आहे, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्याने पोह्यांवर लालभडक तर्री ओतली. मी गाडगीळ आडनावाचा माणूस. आमच्या घरी पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड यापलीकडे कधी काही पडलेलं नाही.

"हे काय? पोह्यांवर रस्सा?" मी जरा मोठ्याने म्हणालो.

शेजारच्या टेबलावरून पल्लवीने वर पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं.

"चिडचिड," मुकुंद माझ्या कानाशी म्हणाला. "चिडचिड लिहिलं तिने."

"मी पोह्यांबद्दल बोलतोय."

"माहितीये. आता गप्प बसलास तर 'उदास' लिहील. जरा हस."

मी हसलो. ते फार झालं असावं, कारण तिने पुन्हा लिहिलं. मग मला कळेना की चेहरा नेमका कसा ठेवावा. माणसाने पोहे खाताना किती हसावं, याचं माप मला कुणी शिकवलं नव्हतं. समोर मुकुंद तर्रीत पाव बुडवून मजेत खात होता आणि त्याच्याकडे कुणीही पाहत नव्हतं.

मला आठवलं, गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात तो कसल्याशा विनोदावर खदखदून हसला होता, आणि मी पंगतीच्या पलीकडून सुनंदाकडे पाहून भुवई उंचावली होती. त्याने ते पाहिलं होतं. त्यानंतर तो लग्नभर हसला नाही आणि मी मनात म्हणालो होतो, चला, बरा आहे. पोहे तसेच टाकून मी उठलो. मला माझी लाज वाटली.

साडेदहाला मेंदूची चित्रं. एमआरआय म्हणजे एक मोठं पांढरं चुंबक, मधून आरपार भोक असलेलं. त्याच्याजवळ जाताना अंगावर धातू चालत नाही. घड्याळ, चष्मा, पट्टा, कवळी काढून झाली, पण पुष्कराजाची अंगठी बोटातून निघेना. ती सुनंदाने माझी गुरूची दशा सुधारावी म्हणून घातलेली, आणि बोट तेव्हापासून वाढलेलं. शेवटी खानावळीतून खोबरेल तेल आणावं लागलं. यंत्र चालवणारा गणेश नावाचा तिशीतला माणूस मांजरीचाच होता. तो आणि मुकुंद मिळून माझं बोट ओढत होते. विज्ञानाची प्रगती इथवर आल्यावरही शेवटी तेलच लागतं, असं मी म्हणालो, पण कवळी नसल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

"काका, ह्यो फुगा हातात धरा," गणेश म्हणाला. "लईच घाबराय झालं तरच दाबायचा. इमर्जन्सीला हाय त्यो."

डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवून त्याने मला बोगद्यात सरकवलं. आतला देखावा सांगतो: नाकापासून चार बोटांवर पांढरं छत, बाकी काही नाही. आवाज मात्र तऱ्हेतऱ्हेचे. आधी कुणी पत्रा ठोकतं, मग रस्ता खोदायला लागतं, मग दोन्ही एकदम. कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम चालू असताना मी तीन वर्षं दुपारी झोपलेलो आहे, त्यामुळे मला डुलकी लागत होती.

डोळ्यांवरच्या आरशात एक पडदा दिसत होता. त्यावर माणसांचे चेहरे येणार होते. चेहरा रागावलेला असेल तर डावं बटण, हसरा असेल तर उजवं, दोन्ही नसेल तर काही नाही. चेहरे पाहून मेंदूचा कोणता भाग जागा होतो, ते त्यांना बघायचं होतं. पण पडदा डावीकडे कलला होता. मी फुगा दाबला.

"काय झालं काका?" गणेशचा आवाज घाबरला होता.

"पडदा तिरका आहे."

"चालतंय. फुगा दाबू नका."

मी आणखी दोनदा दाबला. एकदा पडद्यावरच्या सूचनेत ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती म्हणून, आणि एकदा ती चूक त्याने लिहून घेतली का हे विचारायला. गणेशने सरळ सांगितलं, "काका, आता फुगा दाबला तर म्या चा प्यायला जानार."

प्रयोग संपल्यावर पल्लवी चकित झाली होती. "काका, रागावलेले चेहरे इतके होते, तुम्ही एकावरही बटण दाबलं नाही?"

"रागावलेलं कोण होतं?" मी विचारलं. मला खरोखर कुणी दिसलं नव्हतं. भुवया आकसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, म्हणजे दुपारी एकनंतर दुकानात गिऱ्हाईक आलं की कोणत्याही सभ्य दुकानदाराचा चेहरा असतो तसे. हसऱ्या चेहऱ्यांनीच मला अस्वस्थ केलं होतं. अनोळखी माणूस एवढे दात दाखवतो, तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं.

दुपारी मोठ्या डॉक्टर बाईंनी आम्हाला तातडीने बोलावलं. डॉक्टर देवस्थळी, पन्नाशीच्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. टेबलावर दोन कागद होते. बाजूला पल्लवी काळजीने उभी होती.

"एकशे चार-अ यांच्या रक्तात लिथियम अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "आणि ब यांच्या रक्तात आहे. अगदी जेवढं असायला हवं तेवढं." त्यांनी मुकुंदाकडे रोखून पाहिलं. "आपण आपल्या भावाच्या गोळ्या स्वतः घेत आहात का?"



"मॅडम, ते काल म्हणाले होते," पल्लवी हळूच म्हणाली. "यांच्याबरोबर राहून फार थकायला होतं म्हणून."

"दादाला रोज एक गोळी द्यावी, असं माझं जुनं मत आहे," मुकुंद गंभीरपणे म्हणाला. मग त्याला हसू आवरेना. तो खुर्चीत वाकून, डोळे पुसत हसला. मी भुवईला हात लावून ती जागेवर दाबून धरली.

मग सगळा उलगडा झाला. घरून सह्या करून आणलेल्या कागदांचा बंद लिफाफा कपाटातून काढला गेला, त्यात 'निरोगी भावंड' या ओळीवर माझी सही निघाली. पल्लवी लालबुंद झाली. बाई मुकुंदाला चांगल्याच बोलल्या, आणि ते मला आवडलं. कार्डं बदलली, मुलाखती पुन्हा घ्यायच्या ठरल्या, मुकुंदाचा फोटो चारला निघाला.

अडचण एकच आली. माझी नवी मुलाखत शब्दशः जुन्यासारखीच झाली. निरोगी भावंड म्हणून मी चालेन का, यावर बाई आणि पल्लवी बराच वेळ कागद चाळत बसल्या.

शेवटी बाई म्हणाल्या, "आजार म्हणजे बदल. माणूस एरवी असतो त्याहून काही काळ वेगळा होतो. काकांच्यात बदलच नाही. हे बारा महिने असेच आहेत."

"हे संस्थेच्या कागदावर लिहून द्याल का?" मुकुंदाने विचारलं. "वहिनीला दाखवायचं होतं."

तिसरा दिवस: दोन फोटो

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ज्या कारणाने आलो होतो ते अजून व्हायचंच होतं. सकाळी मुकुंदाने बाईंना गाठलं. "आमचे फोटो दाखवा."

"असे निकाल आम्ही देत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं केलंत, बघा हवं तर." त्यांनी पडद्यावर दोन मेंदू शेजारी शेजारी लावले. करडे, वळ्यावळ्यांचे, सोललेल्या अक्रोडासारखे. नंबर आम्हाला दिसू नयेत म्हणून झाकलेले होते.

"यातला आजारी कुठला?" मुकुंदाने विचारलं.

"नुसतं पाहून मलाही सांगता येणार नाही. कुणालाच येत नाही. शेकडो माणसांची चित्रं एकत्र केली की सरासरीत थोडा फरक दिसतो. कुठे बाहेरच्या थराची जाडी किंचित कमी, कुठे एखादा भाग जरासा लहान. लिथियम घेणाऱ्यांमध्ये तो फरक कमी असतो, असंही काही अभ्यासांत आढळलंय. पण एकट्या माणसाच्या फोटोवरून आजार ओळखता येत नाही."

"म्हणजे दिसत नाही."

"दिसत नाही," बाई म्हणाल्या.

मला त्या क्षणी त्या बाईंचा गळा धरावासा वाटला. इतकं शिकून माणसाला प्रसंग पाहून चार शब्द फिरवता येऊ नयेत?  मी पडद्यापाशी गेलो, चष्मा लावला आणि उजवीकडच्या मेंदूवर बोट ठेवलं.

"इथे बघा. हे काय आहे? हा एवढा मोठा काळा भाग? हे काही बरं लक्षण दिसत नाही. मुकुंदा, बघ, दिसतंय ना स्पष्ट? गोळ्या लागणारच याला!"

"ती पोकळी सगळ्यांनाच असते," झाकलेला नंबर उघडत बाई म्हणाल्या. "आणि काका, हा मेंदू तुमचा आहे."

 मुकुंदाने बाईंना नमस्कार केला, पल्लवीची माफी मागितली, आणि आम्ही पिशव्या घेऊन बाहेर पडलो.

फाटकाबाहेर रसवंती होती. आम्ही बाकावर बसलो, बसला अवकाश होता. रस आला. मी ग्लास तसाच बाजूला ठेवला. सहासष्ट वर्षांत मी कुणाला कशासाठी विनवलेलं नाही. महापालिकेला केलेल्या अर्जातसुद्धा मी 'विनंती' लिहीत नाही, 'सूचना' लिहितो. पण तिथे, घुंगरांच्या त्या आवाजात, मी मुकुंदाचा हात धरला.

"गोळ्या सोडू नकोस रे. फोटोत दिसो नाही तर न दिसो. मला त्या चार महिन्यांची फार भीती वाटते. जाळी बसवल्यावरही मी वर्षभर नीट झोपलेलो नाही. तू काय म्हणशील ते करतो."

मुकुंदाने माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "गोळ्या कोण सोडतंय?"

"तू म्हणाला होतास! फोटोत दिसलं नाही तर बंद."

"दादा, मी पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. एका फोटोवरून निष्कर्ष काढत नाहीत, हे मला त्या बाईंनी शिकवायला हवं का? ते सगळं त्या छापील कागदावरच होतं. पहिल्याच पानावर."

"मग ती अट?"

"तू यावास म्हणून." त्याने ग्लास खाली ठेवला. "त्या गोळीसाठी कधीतरी कुणीतरी आपलं रक्त दिलं असेल, म्हणून ती मला मिळाली. मलाही काहीतरी द्यायचं होतं. आणि भावंड लागत होतं. मला दुसरं भावंड नाही."

"सरळ सांगायचं होतंस."

"सांगितलं. तू कागद वाचायच्या आधी नाही म्हणालास." तो चिडून बोलत नव्हता. "घाबरल्याशिवाय तू माझ्याजवळ बसत नाहीस, दादा. मी आजारी पडलो की रात्रंदिवस बसतोस. बरा असलो की फक्त लांबून बघतोस. नुसतं 'दादा, माझ्याबरोबर चल' म्हणालो असतो, तर आला असतास?"

 

"नसतो आलो," मी म्हणालो.

"हं," मुकुंद म्हणाला आणि माझा राहिलेला रस प्यायला.

बस रिकामी होती. आम्ही शेजारी शेजारी बसलो.  हडपसरला मी त्याला विचारलं, की त्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं तो नेमकं काय करायचा. मला खरंच माहीत नव्हतं. त्याने आधी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, मग सांगायला लागला. मुलांच्या प्रयोगाआधी तो लंबक कसे जुळवून ठेवायचा, प्रिझम कशाने पुसायचा, कुठल्या मुलाने उत्तर आधी लिहून आकडे मागाहून बसवलेत ते त्याला कसं लगेच कळायचं. स्वारगेट आलं, बस बदलली, तरी तो सांगतच होता. आवाज चढला होता, हातवारे वाढले होते, पुढच्या बाकावरचे लोक वळून बघत होते. डेक्कनजवळ माझ्या मनात ती जुनी शंका आलीच, की हा जरा जास्त बोलतोय का. मी ती गिळली आणि म्हणालो, "मग? पुढे काय झालं?"